खाच, पट्टी आणि प्रकाशाची फट : पिस्तुलाच्या साइटची पारख

पिस्तुलाच्या वरच्या अंगाला, नळीच्या तोंडाशी एक छोटी उभी पट्टी आणि नेमबाजाच्या बाजूला मधोमध खाच पाडलेला एक आडवा ठोकळा असे जे दोन भाग बसवलेले असतात, त्यांना मिळून आयर्न साइट म्हणतात. त्यांत भिंग नसते, बॅटरी नसते, बिघडण्याजोगा एकही हलता भाग बहुधा नसतो. आणि आज त्या पोलादाच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा चक्क प्लॅस्टिकच्या असल्या तरी त्यांचे जुने नाव टिकून आहे. पुढच्या भागाला फ्रंट साइट आणि मागच्या भागाला रिअर साइट म्हटले जाते. मागच्या खाचेत पुढची पट्टी बरोबर मध्यभागी दिसली, दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत आल्या आणि ते चित्र न मोडता ट्रिगर दाबला गेला, तर गोळी नेमलेल्या जागी जाते, हे या साधनाचे सगळे तत्त्व आहे. तत्त्व इतके सोपे असूनही अमेरिकेत कारखान्याच्या साइट काढून दुसऱ्या बसवण्याचा मोठा बाजार उभा राहिला आहे, आणि त्या बाजारात ग्राहक बहुधा चमक पाहून खरेदी करतो, मोजमाप पाहून नव्हे.

या बाजाराचे ठळक उदाहरण म्हणजे ग्लॉक. १९८२मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेले ग्लॉक १७ हे पिस्तूल पुढे अमेरिकेतील पोलिसांत आणि नागरिकांत अफाट पसरले. पण त्याच्यासोबत येणाऱ्या मूळ साइट प्लॅस्टिकच्या असतात, पुढे एक पांढरा ठिपका आणि मागे खाचेभोवती पांढरी चौकट अशी त्यांची रचना असते. स्वच्छ उजेडात त्या काम देतात. मात्र म्यानातून पिस्तूल रोज काढले-ठेवले, किंवा एक हात जायबंदी झाल्यावर पट्ट्याच्या कडेला रिअर साइट अडकवून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, मागे ओढण्याचा सराव केला, तर हे प्लॅस्टिक झिजते. खोबणीत धूळ जाऊ नये म्हणून बसवलेली टोपणे, अशी त्यांची थट्टा तिकडचे नेमबाज करतात. थट्टा थोडी अन्यायाची आहे, कारण या साइटची उंची आणि रुंदी अजिबात वाईट नाही. उणीव आहे ती पदार्थाची आणि खाचेभोवतीच्या त्या पांढऱ्या चौकटीची, जी नजरेला पुढच्या पट्टीपासून मागे ओढते.

साइटची पारख करण्यासाठी सर्वांत आधी एक लांबी समजून घ्यावी लागते, आणि ती म्हणजे दोन्ही साइटमधील अंतर. ग्लॉक १७मध्ये ते सुमारे १६५ मिलिमीटर आहे. पुढची पट्टी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर जरी सरकलेली राहिली, तरी ती चूक अंतराच्या प्रमाणात वाढत जाते आणि ७ मीटरवर सुमारे ४२ मिलिमीटर, तर २५ मीटरवर १५० मिलिमीटरहून अधिक होते. याउलट दोन्ही साइट बरोबर जुळलेल्या असताना हात थरथरून संपूर्ण पिस्तूल समांतर एक सेंटिमीटर सरकले, तर गोळीही एकच सेंटिमीटर सरकते. म्हणजे हाताच्या हलक्या हेलकाव्यापेक्षा साइटच्या जुळणीतील चूक कितीतरी महाग पडते, आणि म्हणूनच जी साइट ही जुळणी डोळ्याला चटकन व स्पष्ट दाखवते ती चांगली, बाकी सगळे नंतरचे. साइट बदलल्याने पिस्तूल अधिक अचूक होत नाही. नेमबाजाची चूक त्याला लवकर दिसू लागते, एवढेच होते, पण हे थोडे नव्हे.

जुळणी दाखवण्याचे काम प्रत्यक्षात धातू करत नाही, तर पट्टीच्या दोन्ही बाजूंना खाचेत उरणारी प्रकाशाची फट करते. डावी फट आणि उजवी फट सारखी आहे की नाही, हे माणसाचा डोळा फार बारकाईने ओळखतो, आणि चौकोनी खाचेत सपाट माथ्याची चौकोनी पट्टी ही रचना त्या क्षमतेचाच उपयोग करून घेते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅट्रिज नावाच्या अमेरिकी नेमबाजाने ही रचना रूढ केली, म्हणून तिला आजही पॅट्रिज साइट म्हणतात; तिच्या आधी व्ही आकाराची खाच आणि मण्यासारखे गोल टोक यांचा प्रघात होता, ज्यात उंचीचा अंदाज नेहमीच धूसर राही.

ही फट किती असावी याचे उत्तर फक्त दोन रुंदींच्या वजाबाकीने मिळत नाही, हे अनेक खरेदीदारांच्या लक्षात येत नाही. हात पूर्ण लांबवल्यावर रिअर साइट डोळ्यापासून समजा ५५ सेंटिमीटरवर असेल, तर ग्लॉक १७ची फ्रंट साइट साडेसोळा सेंटिमीटर पुढे, म्हणजे सुमारे साडेएकाहत्तर सेंटिमीटरवर असते आणि त्यामुळे ती मूळ रुंदीपेक्षा अरुंद भासते. ३.२ मिलिमीटर रुंदीची पट्टी खाचेच्या जागी जवळजवळ अडीच मिलिमीटरची दिसते. तेव्हा खाचही ३.२ मिलिमीटरचीच असली तरी दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक तृतीयांश मिलिमीटरहून थोडी जास्त फट उरते, आणि खाच ३.६ मिलिमीटरची केली तर तीच फट अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाते. आखूड पिस्तुलावर बसवलेली तीच जोडी अधिक भरलेली दिसेल, लांब पिस्तुलावर अधिक मोकळी. मोकळी फट नजरेला वेगाने सापडते, अरुंद फट सावकाश पण काटेकोर नेमाला उपयोगी पडते. घाई आणि नेमकेपणा यांतील ही निवड खरेदीपूर्वीच करावी लागते, कारण दोन्ही एकाच खाचेत पूर्णपणे मिळत नाहीत. पट्टी स्वतः लक्ष्याचा किती भाग झाकते हेही पाहावे : ३.२ मिलिमीटरची पट्टी २५ मीटरवर सुमारे ११ सेंटिमीटर जागा व्यापते, तर अडीच मिलिमीटरची पट्टी ९ सेंटिमीटरच्या आतच राहते.

आता ठिपक्यांकडे वळता येईल. पुढे एक व मागे दोन असे तीन पांढरे ठिपके ही अमेरिकेतील सर्वांत परिचित मांडणी आहे, आणि तिचा दोषही त्या सारखेपणातच आहे : तिन्ही ठिपके एकाच रंगाचे व सारखेच ठळक असल्याने नजर ते एका ओळीत बसवत बसते आणि वरच्या कडा व प्रकाशाची फट विसरते. या कारणाने गेल्या काही वर्षांत अनुभवी नेमबाजांचा कल मागे निव्वळ काळी, चरे पाडून चकाकी मारलेली रिअर साइट आणि पुढे एकच ठळक खूण याकडे झुकलेला दिसतो, आणि तो कल योग्यच म्हणावा लागेल. आफ्रिकेतील मोठ्या शिकारीच्या रायफलींवरून घेतलेली, उथळ व्ही आणि पुढे भलामोठा ठिपका अशीही एक मांडणी एक्सएस ही कंपनी विकते; ती चार-पाच मीटरवर झटपट दिसते खरी, पण २५ मीटरवर त्या ठिपक्याचा वरचा काठ नेमका कुठे आहे हे ठरवताना नेमबाजाची दमछाक होते.

पुढची खूण ठळक करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला म्हणजे फायबर ऑप्टिक, म्हणजे सुमारे एक ते दीड मिलिमीटर जाडीची रंगीत प्लॅस्टिकची कांडी, जी आपल्या संपूर्ण लांबीवर पडलेला उजेड आत घेऊन टोकाशी बाहेर टाकते आणि त्यामुळे उन्हात लाल किंवा हिरव्या ठिणगीसारखी पेटते. स्पर्धेतील नेमबाजांची ती आवडती आहे. अंधारात मात्र तिचा काही उपयोग नाही, आणि ती कधीमधी तुटतेही, म्हणून सुट्या कांड्या जवळ ठेवाव्या लागतात. दुसरा मार्ग ट्रिटियमचा. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार असून तो काचेच्या सूक्ष्म नळीत भरतात. त्यातून निघणारे बीटा कण नळीच्या आतल्या लेपावर आदळले की लेप उजळतो, आणि हे कण इतके दुबळे असतात की ते काचेतून बाहेर येत नाहीत. ट्रायजिकॉन ही अमेरिकी आणि मेप्रोलाइट ही इस्रायली कंपनी या प्रकारासाठी प्रसिद्ध आहे. ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षांचा असल्याने नळीचा उजेड बारा वर्षांत निम्म्यावर येतो आणि चोवीस वर्षांत चौथाईवर. जुने पिस्तूल विकत घेताना ‘नाइट साइट बसवलेल्या आहेत’ या जाहिरातीचे मोल म्हणूनच त्यांच्यावर कोरलेल्या उत्पादनवर्षावर ठरते.

ट्रिटियमविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, आणि तो म्हणजे काळोखात ते नेमबाजाला वाचवते. पूर्ण काळोखात समोर कोण आहे हेच दिसत नसते, आणि जे ओळखता येत नाही त्यावर गोळी झाडण्याची मुभा ना कायदा देतो ना विवेक. टॉर्च लावली की समोरचा उजेड इतका वाढतो की साध्या काळ्या साइटही त्यापुढे स्पष्ट आकृतीसारख्या उठून दिसतात. ट्रिटियमचा खरा उपयोग त्या मधल्या वेळेचा आहे, जेव्हा लक्ष्य ओळखता येते पण हातातील काळा धातू सावलीत विरघळलेला असतो. हा उपयोग खरा आहे, पण अरुंद आहे. त्यातही मागचे दोन दिवे पुढच्यापेक्षा तेजस्वी असतील तर डोळा फसतो, कारण ते त्याला अधिक जवळ असतात. म्हणून पुढच्या नळीभोवती नारिंगी किंवा पिवळे कडे आणि मागे मंद खुणा किंवा काहीच नाही, ही रचना अधिक शहाणपणाची ठरते.

चमकेवर इतकी चर्चा होते, पण साइट बदलून पस्तावलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा उंचीची असते. फ्रंट साइट उंच केली की नळीचे तोंड खाली येते आणि गोळी खाली लागते. रिअर साइट उंच केली की गोळी वर जाते. आडव्या दिशेतही हाच न्याय आहे : रिअर साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची, फ्रंट साइट त्याच्या उलट. किती बदल लागेल हे त्रैराशिकाने काढता येते, म्हणजे लक्ष्यावरील चुकीला साइटमधील अंतराने गुणायचे आणि लक्ष्याच्या अंतराने भागायचे. १५ मीटरवर गोळ्या ५ सेंटिमीटर खाली पडत असतील, तर ५० गुणिले १६५ भागिले १५,०००, म्हणजे सुमारे ०.५५ मिलिमीटरने फ्रंट साइट ठेंगणी किंवा रिअर साइट उंच हवी. ग्लॉक स्वतःच्या रिअर साइट ६.१, ६.५, ६.९ आणि ७.३ मिलिमीटर अशा चार उंचींत बनवते आणि ६.५ ही नेहमीची असते. प्रत्येक पायरीचा ०.४ मिलिमीटरचा फरक १५ मीटरवर साधारण साडेतीन सेंटिमीटर आणि २५ मीटरवर सहा सेंटिमीटर उतरतो. एका कंपनीची फ्रंट आणि दुसऱ्या कंपनीची रिअर अशी जोडी हौसेने जमवणाऱ्याने हा हिशेब आधी करावा, कारण संच विकणाऱ्याने दोन्ही उंची एकमेकींना जुळवूनच ठरवलेल्या असतात.

यात काडतुसाचाही हात असतो. ९ मिलिमीटरच्या काडतुसांत सुमारे साडेसात ग्रॅमची (११५ ग्रेन) हलकी आणि साडेनऊ ग्रॅमची (१४७ ग्रेन) जड अशा गोळ्या सर्रास मिळतात. जड गोळी संथ असल्याने नळीत किंचित अधिक काळ राहते, तेवढ्यात धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले जाते, आणि म्हणून पिस्तुलाच्या नेहमीच्या अंतरांवर जड गोळी हलक्या गोळीपेक्षा वर लागते. तेव्हा ‘या साइट नेम बरोबर दाखवतात का’ हा प्रश्न ‘कोणत्या काडतुसाने आणि किती अंतरावर’ हे सांगितल्याशिवाय अपुरा राहतो. शिवाय काही कारखाने गोळी पट्टीच्या वरच्या काठावर लागेल अशी साइट देतात, तर काही गोळी ठिपक्याच्या मागे लपलेल्या जागी लागेल अशी. दुसऱ्या प्रकारची साइट पहिल्या रीतीने वापरणारा माणूस महिनोन्महिने पिस्तुलाला दोष देत राहतो.

म्हणूनच नव्या साइटची परीक्षा वाळूच्या पिशवीवर मनगटे टेकवून, एकाच काडतुसाच्या पाच-पाच गोळ्यांचे अनेक गट सावकाश झाडून घ्यावी आणि एकेका छिद्राकडे न पाहता गटांचा मध्य मोजावा. उजव्या हाताच्या माणसाचे गट खाली-डावीकडे पडत असतील, तर साइटला हातोडी लावण्यापूर्वी तेच पिस्तूल दुसऱ्या अनुभवी नेमबाजाकडून झाडून घ्यावे, कारण ती खूण बहुतेकदा ट्रिगर झटक्याने ओढण्याची असते. ती चूक साइट सरकवून झाकली, की पुढे ट्रिगर सुधारल्यावर गोळ्या दुसऱ्या बाजूला पडू लागतात. याशिवाय तीच साइट पाठीवर ऊन असताना, तोंडावर ऊन असताना, ट्यूबलाइटखाली आणि संध्याकाळच्या उजेडात पाहावी. एका बाजूने पडलेले ऊन पट्टीची एक कड उजळवते आणि नेम नकळत दुसरीकडे ढळतो. जुने नेमबाज साइटवर कार्बाइडच्या दिव्याची काजळी धरत, ते याच कारणाने.

बसवण्याचे काम दिसते तितके किरकोळ नाही. रिअर साइट स्लाइडवरील डव्हटेलमध्ये, म्हणजे सुतारकामातल्यासारख्या खाली रुंद आणि वर अरुंद अशा आडव्या खोबणीत, घट्ट ठोकून बसवलेली असते. ग्लॉकची फ्रंट साइट मात्र स्लाइडच्या आतून एका इवल्याशा स्क्रूने धरलेली असते. रिकामे केलेले, दोनदा तपासलेले पिस्तूल, स्लाइड वेगळी काढून, साइट ढकलण्याच्या खास शिकंज्यात धरून हे काम करतात. शिकंजा नसेल तर पितळेची किंवा नायलॉनची टोची वापरली जाते, आणि पोलादी टोचीने केलेले ओरखडे जन्मभर राहतात. स्क्रूवर आटे पकडून ठेवणारे द्रव्य एक थेंब लावणे आणि साइटपासून स्लाइडपर्यंत बारीक रंगरेषा ओढून ठेवणे, या दोन गोष्टी केल्या तर शेकडो गोळ्यांनंतर साइट सरकली की नाही हे डोळ्यांना कळते.

या साऱ्याच्या वर एक मर्यादा आहे, आणि ती विकत घेता येत नाही. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. खाच, पट्टी आणि लक्ष्य अशा तीन गोष्टींपैकी त्याने पट्टी निवडावी आणि बाकी दोन्ही किंचित धूसर राहू द्याव्यात, हा नेमबाजीचा जुना नियम आहे. चाळिशीनंतर डोळ्याचे भिंग ताठर होत गेले की हातभर अंतरावरची पट्टीच धूसर होते. वाचनाच्या चष्म्याने तिथे काम भागत नाही, कारण तो साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो, आणि बायफोकलचा खालचा भाग वापरायचा तर मान मागे टाकावी लागते. ६५ ते ७० सेंटिमीटरवर स्पष्ट दिसेल असे, म्हणजे दूरच्या नंबरात सुमारे दीड डायॉप्टर मिळवलेले भिंग नेम धरणाऱ्या डोळ्यापुरते करून घेतले, तर महागड्या ट्रिटियमपेक्षा अधिक फरक पडतो. ज्यांना तेही जमत नाही ते पिस्तुलावर रेड डॉट, म्हणजे काचेवर लाल ठिपका दाखवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक साइट, बसवतात. २०१७मध्ये अमेरिकी सैन्याने निवडलेल्या एम१७ पिस्तुलाच्या स्लाइडवर तिच्यासाठी जागाच ठेवलेली आहे. तरीही बॅटरी संपली किंवा काचेवर पाणी साचले तर हाताशी असावी म्हणून अशा पिस्तुलांवर आयर्न साइट सहसा काढून टाकत नाहीत.

भारतात हा बाजार जवळजवळ नाही, कारण ९ मिलिमीटरचे पिस्तूल येथे सामान्य नागरिकाला प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना असणाऱ्यालाही शस्त्रदुरुस्तीसाठी परवानाधारक कारागिराकडेच जावे लागते. मात्र नेमबाजीच्या खेळात हाच विषय महाराष्ट्राच्या अगदी जवळचा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० आणि २५ मीटर पिस्तूल प्रकारांत फक्त उघड्या साइटना परवानगी आहे; भिंग किंवा लेझर पिस्तुलावर चालत नाही, आणि २५ मीटरच्या पिस्तुलावर दोन्ही साइटमधील अंतर २२० मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, ते याच खाच-पट्टीवर. त्या प्रकाराच्या प्रिसिजन फेरीत दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते, आणि वरच्याच त्रैराशिकाने पाहिले तर साइटच्या जुळणीत पाव मिलिमीटरची चूकही गोळी त्या वर्तुळाबाहेर नेऊ शकते.

अशा स्पर्धेच्या पिस्तुलावर खाचेची रुंदी स्क्रूने कमीजास्त करता येते आणि पुढची पट्टी साधारण ४ ते ५ मिलिमीटरच्या दरम्यान बदलता येते. एअर पिस्तुलात डोळ्यापासून साधारण एक मीटरवर असलेली साडेचार मिलिमीटरची पट्टी १० मीटरवर ४५ मिलिमीटर जागा व्यापते, तर लक्ष्याचे काळे वर्तुळ ५९.५ मिलिमीटरचे असते. काळ्यावर काळे दिसत नाही म्हणून नेम वर्तुळाच्या मध्यावर न धरता त्याच्या खालच्या पांढऱ्या पट्ट्यात धरतात आणि रिअर साइट तेवढी वर चढवतात. म्हणजे ग्लॉकचा मालक पैसे मोजून जे मिळवू पाहतो, ते येथे पिस्तुलातच दिलेले असते. नवशिक्या नेमबाजाच्या पालकांनी साइटचा नवा भाग परदेशातून मागवण्याआधी प्रशिक्षकाकडून खाचेची रुंदी मुलाच्या नजरेप्रमाणे लावून घ्यावी, हंगामाच्या मध्यात ती पुन्हा बदलू नये, आणि त्याही आधी डोळे तपासून घ्यावेत.